प्रेक्षकाचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने वकील होते आणि इथल्या तालमीचे विश्वस्त होते. म्हणून खेळ आणि कायदा या दोन्हींना स्पर्श करणारा विषय मी आज निवडला आहे. विषय दूरदेशीचा आहे. अमेरिकेत मोटारशर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था आणि तिच्याच शर्यतींत धावणारे दोन संघ यांच्यात २ ऑक्टोबर २०२४ ते ११ डिसेंबर २०२५ या काळात मक्तेदारीचा खटला चालला. ज्यूरीचा निकाल येण्याआधीच तडजोड झाली आणि खटला संपला.

कायद्याच्या बाजूनं त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला बोलायचं आहे ते शर्यत पाहणाऱ्या माणसाबद्दल. या चौदा महिन्यांत तो आधी कंटाळला, मग संघमालकांवर वैतागला, मग संस्थेवर भडकला, तडजोड झाल्यावर सुटकेचा श्वास टाकून पुन्हा धुमसत राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला हा चंचलपणा वाटेल. मला त्यात एक सरळ मागणी ऐकू येते, ती म्हणजे हिशेबाची. ज्या खेळाला आम्ही पोसतो त्याचे कागद आम्हाला दाखवा, असं तो सांगत होता. ही मागणी न्याय्य आहे आणि आपल्या दारातही ती उभी आहे, एवढंच मला आज मांडायचं आहे.

एका घराण्याचा खेळ

डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांनी शर्यती भरवणाऱ्यांची आणि चालकांची बैठक बोलावली. फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची नोंदणी झाली. बाजारात मिळणाऱ्या मोटारीसारखी दिसणारी, पण शर्यतीसाठी बांधलेली ‘स्टॉक कार’ हे तिचं वाहन. नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, जॉर्जिया, अलाबामा या दक्षिणेतल्या राज्यांत हा खेळ वाढला. त्याच्या पहिल्या पिढीत चोरटी दारू वाहून नेताना पोलिसांना हुलकावणी द्यायला शिकलेले चालक होते, गॅरेजवाले होते, शेतकऱ्यांची मुलं होती. कुटुंबंच्या कुटुंबं ठरावीक गाडीच्या क्रमांकावर निष्ठा ठेवून असतात आणि ती निष्ठा बापाकडून मुलाकडे जाते.

या खेळाच्या मालकीची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलची लीग ही तिथल्या संघमालकांनी मिळून चालवलेली असते. नॅसकार मात्र आजही फ्रान्स घराण्याच्या मालकीची आहे. नियम तीच करते, दूरचित्रवाणीचे हक्क तीच विकते, डेटोना आणि टॅलाडेगासारख्या मोठ्या ट्रॅकचीही मालक तीच आहे. संघ तिथे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून येतात. गाडी त्यांची, माणसं त्यांची, प्रायोजक शोधण्याची वणवण त्यांची.

या रचनेला आव्हान देण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. १९६१ मध्ये कर्टिस टर्नर या नामांकित चालकानं चालकांची कामगार संघटना बांधायला घेतली. बिल फ्रान्स यांनी त्याच्यावर तहहयात बंदी घातली. ती १९६५ मध्ये उठली. सप्टेंबर १९६९ मध्ये टॅलाडेगाचा नवा ट्रॅक खुला होत होता. एवढ्या वेगाला टायर टिकत नाहीत म्हणून रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखाली बहुतेक आघाडीचे चालक शर्यत सोडून निघून गेले. फ्रान्स यांनी दुय्यम चालक जमवून शर्यत पार पाडली आणि प्रेक्षकांना सांगितलं की या तिकिटाचा तुकडा जपून ठेवा, पुढच्या एका शर्यतीला तो चालेल. प्रेक्षक बसून राहिले. संप मोडला.

या प्रसंगाकडे मी वारंवार वळतो. त्या दिवशी दोन्ही पक्षांना प्रेक्षकाची गरज होती. त्याला बसवून ठेवणं हाच फ्रान्स यांचा विजय होता. मात्र टायरांच्या चाचण्यांत नेमकं काय आढळलं हे त्याला कुणीही समजावून सांगितलं नाही. त्याच्यापुढे फक्त पुढच्या तिकिटाची सवलत ठेवली गेली.

त्याहून कठोर उदाहरण १ डिसेंबर १९६३ चं आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक-मालक शर्यत जिंकला. पंचांनी बक बेकर यांना विजेता घोषित केलं, करंडक त्यांच्या हाती दिला, आणि प्रेक्षक घरी गेल्यावर काही तासांनी मोजणीत चूक झाल्याचं सांगून विजय स्कॉटच्या नावावर मांडला. तिकीट काढून आलेले लोक खोटा निकाल घेऊन घरी परतले. स्कॉट यांच्या कुटुंबाला रीतसर करंडक मिळाला तो २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकं उलटल्यावर. अन्याय स्कॉट यांच्यावर झाला, हे उघड आहे. पण डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीचं सत्य प्रेक्षकाला नाकारलं गेलं, हाही त्याच अन्यायाचा भाग होता.

जागेची हमी आणि दोन नकार

आता खटल्याकडे येऊ. २०१६ मध्ये नॅसकारनं ‘चार्टर’ आणले. छत्तीस चार्टर, ज्या गाडीकडे चार्टर तिला दर शर्यतीत जागेची हमी आणि उत्पन्नात ठरलेला वाटा. चाळीस गाड्यांच्या शर्यतीत उरलेल्या जागा ‘ओपन’ गाड्यांसाठी. त्यांना वेळ नोंदवून जागा मिळवावी लागते आणि पैसेही कमी मिळतात. चार्टर विकता येऊ लागले. २०१८ मध्ये सुमारे साठ लाख डॉलरला गेलेला चार्टर २०२३ मध्ये सुमारे चार कोटी डॉलरला विकला गेल्याच्या बातम्या आल्या. पण ही मालमत्ता कायमची नव्हती. करार संपला की ती राहील की जाईल, हे नॅसकारच्या हातात होतं.

२०२५ पासून दूरचित्रवाणीचे नवे करार सुरू होणार होते: सात वर्षांचे ७७० कोटी डॉलर. त्याबरोबर चार्टरचाही नवा करार आला. संघांना तीन गोष्टी हव्या होत्या: कायमचे चार्टर, उत्पन्नात मोठा वाटा आणि कारभारात आवाज. दोन वर्षांहून अधिक काळ बोलणी झाली. ६ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी शंभराहून अधिक पानांचा अंतिम मसुदा संघांच्या हाती पडला आणि मध्यरात्रीपर्यंत सही करा असा निरोप आला. प्रत्येक चार्टर गाडीमागे वर्षाची हमी सुमारे ९० लाख डॉलरवरून १ कोटी २५ लाखांवर गेली होती. गाडी चालवण्याचा खर्च मात्र सुमारे दोन कोटी, असं संघांचं म्हणणं होतं. मसुद्यात आणखी एक कलम होतं, मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा करण्याचा हक्क सोडून देण्याचं.

पंधरापैकी तेरा संघांनी सह्या केल्या. दोघांनी नकार दिला. एक, बास्केटबॉलचा महान खेळाडू मायकेल जॉर्डन आणि चालक डेनी हॅमलिन यांचा ट्वेंटी थ्री इलेव्हन रेसिंग. दुसरा, उपाहारगृहांच्या धंद्यातून आलेल्या बॉब जेन्किन्स यांचा फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स. या दोघांनी शार्लटच्या संघीय न्यायालयात १८९० च्या शर्मन कायद्याखाली दावा दाखल केला. आरोप असा की ट्रॅक विकत घेऊन, दुसऱ्यांच्या ट्रॅकवर बंधनं घालून आणि २०२२ पासूनची ‘नेक्स्ट जेन’ गाडी अन्यत्र चालवायला मनाई करून नॅसकारनं प्रतिस्पर्धी लीग उभी राहण्याची वाटच बंद केली आहे.

पहिली प्रतिक्रिया: श्रीमंतांचं भांडण

सुरुवातीला प्रेक्षकांना यात रस नव्हता. अब्जाधीशांचं कोट्यधीशांशी भांडण लागलं आहे, आम्हाला त्यात कशाला ओढता, हा सार्वत्रिक सूर होता. तो समजण्यासारखा आहे. दोन दशकांत या खेळाचा प्रेक्षक घटत गेला. २०१६ मध्ये डेटोनाचं नूतनीकरण झालं तेव्हा जवळपास दीड लाखांची बैठक एक लाखाच्या आसपास आणली गेली. नव्या करारांमुळे हंगाम फॉक्स, अॅमेझॉन प्राइम, टीएनटी आणि एनबीसी यांच्यात वाटला गेला. म्हणजे सगळ्या शर्यती पाहायच्या तर घरच्या बिलांत भर. अशा माणसाला मालकांच्या वाट्याची टक्केवारी सांगून काय उपयोग?

काहींचा राग जॉर्डनवर होता. बाहेरून येऊन नियम बदलू पाहणारा श्रीमंत, असं त्यांना वाटे. यात वर्णाचा पदर नव्हता असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये नॅसकारनं ट्रॅकवर कॉन्फेडरेट झेंड्याला बंदी केली. त्यासाठी जाहीरपणे बोलणारा कृष्णवर्णीय चालक बबा वॉलेस पुढे जॉर्डनच्याच संघात आला, आणि तेव्हापासूनची कटुता काही प्रेक्षकांच्या मनात टिकून होती. पण जॉर्डन या खेळाला परका नव्हता. तो नॉर्थ कॅरोलायनात वाढला, लहानपणी कुटुंबाबरोबर शर्यतींना जात असे. साक्षीत त्यानं हे सांगितलं. वादीच्या नावावर राग धरणारा प्रेक्षक आणि तो वादी, दोघांच्याही बालपणी तोच धूळभरला ट्रॅक होता.

उलट बाजूला, दुसरा एक गट पहिल्यापासून संघांकडून होता. रॉकिंगहॅम आणि नॉर्थ विल्क्सबरो या जुन्या ट्रॅकवरून मोठी शर्यत कशी काढून घेतली गेली हे त्या लोकांनी पाहिलं होतं. नॉर्थ विल्क्सबरोला १९९६ नंतर मोठी शर्यत परत यायला २०२३ उजाडलं. ज्यांच्या गावाचा उत्सव एका कार्यालयाच्या निर्णयानं हिरावला गेला, त्यांना मक्तेदारी कुणी कायद्याच्या भाषेत समजावून सांगावी लागत नाही.

कागद उघडले तेव्हा

खटल्यानं वळणं घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश केनेथ बेल यांनी दोन्ही संघांचे चार्टर तात्पुरते कायम ठेवले. जून २०२५ मध्ये अपील न्यायालयानं तो आदेश रद्द केला. जुलैपासून या संघांच्या सहा गाड्या ओपन म्हणून धावू लागल्या. २७ जुलैला बबा वॉलेसनं चार्टर नसलेल्या गाडीतून इंडियानापोलिसची ब्रिकयार्ड ४०० जिंकली. त्या दिवशी स्टँडमध्ये बसलेल्या कुणालाही चार्टरची व्याख्या माहीत असण्याची गरज नव्हती. ज्याला कागदावर हमी नाही तो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ट्रॅकवर सगळ्यांच्या पुढे होता, हे डोळ्यांना दिसत होतं.

प्रेक्षकांचा सूर खऱ्या अर्थानं बदलला तो कागदांमुळे. अमेरिकन दिवाणी खटल्यात दोन्ही पक्षांना एकमेकांची कागदपत्रं आणि पत्रव्यवहार मागता येतो, आणि न्यायालयात दाखल झालेला पुष्कळ मजकूर जनतेलाही वाचता येतो. त्यातून नॅसकारच्या वरिष्ठांचे खासगी संदेश बाहेर आले. टोनी स्टुअर्ट आणि रे एव्हर्नहॅम यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या एसआरएक्स या छोट्या उन्हाळी मालिकेला संपवण्याची भाषा त्यांत होती. आणि एका संदेशात कमिशनर स्टीव्ह फेल्प्स यांनी संघमालक रिचर्ड चिल्ड्रेस यांना मूर्ख गावंढळ म्हटलं होतं, त्यांची सारी संपत्ती नॅसकारच्या कृपेची आहे आणि त्यांना फटके द्यायला हवेत, असं लिहिलं होतं.

चिल्ड्रेस कोण, हे सांगितल्याशिवाय त्या रागाची धग कळणार नाही. विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे मैदानावर शेंगदाणे विकणारा हा मुलगा पुढे चालक झाला, मग संघमालक झाला. चालक डेल अर्नहार्टच्या सात विजेतेपदांपैकी सहा त्याच्या संघातून आली. २००१ मध्ये डेटोनाला अर्नहार्टचा मृत्यू झाला तेव्हा दक्षिणेतल्या घराघरांत सुतक होतं. चिल्ड्रेस खटल्यात वादी नव्हते. त्यांनी तर करारावर सही केली होती. तरीही ते शब्द वाचून हजारो लोकांना वाटलं की हे आपल्याबद्दलच लिहिलं आहे. चिल्ड्रेस यांच्या संघाचे जुने प्रायोजक, बास प्रो शॉप्सचे जॉनी मॉरिस यांनी जाहीर पत्र लिहून फेल्प्स यांच्या पदावर राहण्याबद्दलच प्रश्न उभा केला. जानेवारी २०२६ मध्ये फेल्प्स यांनी आपण पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

प्रेक्षक लहरी असतो, सनसनाटीवर डोलतो, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. माहिती नव्हती तोवर त्यानं चेहरे पाहून मत बनवलं. कुणाला जॉर्डन आवडत नव्हता, कुणाला हॅमलिन. कागद समोर आले आणि त्यानं कागद वाचून मत बनवलं. ज्या हॅमलिनला तो वर्षानुवर्षं ट्रॅकवर हुर्यो करत आला होता, त्याच्या बाजूनं बोलायलाही तो तयार झाला. पुराव्यानं मत बदलणं हे सुजाण नागरिकाचं लक्षण आहे. न्यायाधीशांकडून आपण हीच अपेक्षा करतो.

रसिकाला बाहेर ठेवणारा न्याय

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश बेल यांनी ठरवलं की अव्वल दर्जाच्या स्टॉक कार शर्यतींच्या बाजारात नॅसकारकडे मक्तेदारीची ताकद आहे. ती बेकायदा वापरली का, एवढा प्रश्न ज्यूरीसाठी उरला. १ डिसेंबरला सुनावणी सुरू झाली. ज्यूरी निवडताना जॉर्डनवर प्रेम असलेल्या काही जणांना घरी पाठवण्यात आलं. न्यायाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. तरी त्यातून दिसणारी गोष्ट मला महत्त्वाची वाटते: ज्याला खेळाबद्दल आस्था आहे, त्याला खेळाचं भवितव्य ठरवणाऱ्या खोलीत निर्णायक जागा नाही.

साक्षी लोकांच्या काळजाला भिडल्या. हॅमलिनला वडिलांबद्दल बोलताना रडू आवरलं नाही. मुलाला चालक करताना त्यांनी किती गमावलं ते तो सांगत होता. जेन्किन्स यांनी सांगितलं की २०२१ मध्ये त्यांच्या गाडीनं डेटोना ५०० जिंकली, तरी संघ कधी नफ्यात आला नाही आणि इतक्या वर्षांत सुमारे दहा कोटी डॉलर बुडाले. सही केलेल्या संघांपैकी जो गिब्ज रेसिंगच्या हेदर गिब्ज यांनी त्या संध्याकाळच्या हतबलतेचं वर्णन केलं. वादींच्या अर्थतज्ज्ञानं नुकसान ३६ कोटी ४७ लाख डॉलर मांडलं. बिल फ्रान्स यांचे धाकटे चिरंजीव, संस्थेचे प्रमुख जिम फ्रान्स साक्षीला उभे राहिले. कायमच्या चार्टरला त्यांचा विरोध होता, हेही नोंदलं गेलं.

११ डिसेंबरला, सुनावणीच्या नवव्या दिवशी, तडजोड झाली. जॉर्डन आणि जिम फ्रान्स न्यायालयाच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी उभे राहिले. सर्व संघांना कायमचे चार्टर मिळाले. पैशाच्या अटी गुप्त राहिल्या.

संघांसाठी हा मोठा विजय आहे आणि मी तो कमी लेखत नाही. ज्याची गुंतवणूक सुरक्षित, तो संघ टिकतो आणि त्याच्या कार्यशाळेतल्या माणसांच्या नोकऱ्या टिकतात. आपला चालक पुढच्या वर्षी दिसेल की नाही ही प्रेक्षकाची काळजीही काही अंशी मिटली. म्हणूनच त्याला सुटल्यासारखं वाटलं. पण त्याच क्षणी कागद येणं थांबलं. आणखी साक्षी झाल्या असत्या, नॅसकारनंही आपली बाजू पूर्ण मांडली असती, चौदा महिने जमा झालेल्या प्रश्नांवर ज्यूरीनं हो किंवा नाही म्हटलं असतं. भांडण मिटलं ते दोन मालकांमध्ये. प्रेक्षकाला पुन्हा तिकिटाचा तुकडा जपून ठेवायला सांगितल्यासारखं झालं.

२०१९ मध्ये बंद झालेल्या खिडक्या

आता मला एक अशी गोष्ट सांगायची आहे जिची चर्चा कमी झाली. नॅसकार खासगी कंपनी असल्यामुळे तिला ताळेबंद प्रसिद्ध करावा लागत नाही. तरीही पूर्वी प्रेक्षकाला थोडंफार कळत असे, कारण ट्रॅकची मालकी असलेल्या दोन मोठ्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या होत्या. एक फ्रान्स घराण्याच्याच नियंत्रणाखालची इंटरनॅशनल स्पीडवे कॉर्पोरेशन, दुसरी स्मिथ कुटुंबाची स्पीडवे मोटरस्पोर्ट्स. त्यांच्या वार्षिक अहवालांतून दिसे की दूरचित्रवाणीच्या पैशातला ६५ टक्के ट्रॅकना, २५ टक्के संघांना आणि १० टक्के नॅसकारला जातो. २०१९ मध्ये नॅसकारनं पहिली कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरला पूर्ण विकत घेतली. त्याच वर्षी स्मिथ कुटुंबानं दुसरी बाजारातून काढून घेतली. दोन्ही खिडक्या एका वर्षात बंद झाल्या. त्यानंतर आत काय चालतं हे लोकांना कळलं ते थेट खटल्यातून.

म्हणजे ज्या खेळाचे लक्षावधी प्रेक्षक आहेत त्याची साधी आर्थिक माहिती मिळायला कुणी तरी श्रीमंत माणूस चिडून न्यायालयात जावा लागतो. ही व्यवस्था निरोगी नाही.

आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. वर्गणी गावाची, इनामं गावाची. जत्रा झाली की पंच मंडळी देवळात बसून जमाखर्च वाचून दाखवतात आणि कुणी दहा रुपये दिलेले असोत की दहा हजार, प्रत्येकाला विचारायचा हक्क असतो. गावातल्या फडाला जे कळतं ते अब्जावधींच्या लीगला कळू नये, याचं मला दुःख आहे.

याला आक्षेप घेतला जातो की खासगी मालकानं आपल्या वह्या का उघडाव्यात. उत्तर न्यायाधीश बेल यांच्या नोव्हेंबरच्या निर्णयातच आहे. जिथे चार दुकानं असतात तिथे गिऱ्हाईक न बोलता शेजारच्या दुकानात जातो आणि तोच त्याचा जाब असतो. जिथे दुकान एकच आहे तिथे त्याच्या हातात तो उपाय नाही. मक्तेदारी मिळालेल्या संस्थेनं निदान माहिती तरी द्यावी, ही त्या गमावलेल्या पर्यायाची किमान भरपाई आहे. पाहणं सोडून द्या, असंही सांगितलं जातं. पुष्कळांनी सोडलंच, डेटोनाच्या कमी केलेल्या खुर्च्या त्याची साक्ष आहेत. पण आजोबांबरोबर पाहिलेला खेळ सोडणं म्हणजे साबणाचा ब्रँड बदलणं नव्हे, आणि लोकांनी दुरावून जावं अशी व्यवस्था कुणाच्याच हिताची नाही.

आपल्या दारात

दूरदेशीचा विषय म्हणून हे ऐकून सोडून देऊ नका. नॅसकारशी आपलं एक गोड नातंही आहे. २०१० मध्ये कोइमतूरचा नरेन कार्तिकेयन तिथल्या ट्रक मालिकेत धावला, त्या मालिकेत धावणारा पहिला भारतीय. त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून लोकांच्या मतांनी त्याचीच निवड झाली, त्यात भारतीय चाहत्यांचा वाटा मोठा होता. मत द्यायला मिळालं की आपला रसिक ते किती उत्साहानं देतो हे तेव्हा दिसलं.

आता ज्या खेळाची कचेरी आपल्या मुंबईत वानखेडे मैदानावर आहे त्याकडे पाहा. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग ही बंडखोर स्पर्धा सुरू झाली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळानं त्यात खेळणाऱ्यांवर बंदी घातली आणि काही वर्षांत ती लीग संपली. नंतर भारतीय स्पर्धा आयोगापुढे मंडळाविरुद्ध तक्रार गेली. ती तक्रार कुणा संघमालकानं केलेली नव्हती. दिल्लीच्या एका सामान्य क्रिकेटरसिकानं ती केली होती. २०१३ मध्ये आयोगानं मंडळाला ५२.२४ कोटी रुपये दंड केला, कारण प्रक्षेपण करारात मंडळानं आयपीएलशी स्पर्धा करणारी दुसरी लीग मान्य न करण्याची हमी देऊन ठेवली होती. अपीलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण परत आलं आणि २०१७ मध्ये आयोगानं तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. शार्लटच्या खटल्यात प्रेक्षकाला जी जागा नव्हती ती आपल्या कायद्यानं एका रसिकाला दिली, याचा मला अभिमान वाटतो.

मात्र कागदांच्या बाबतीत आपण मागेच आहोत. २०१८ मध्ये विधी आयोगानं क्रिकेट मंडळाला माहिती अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झाला तेव्हा माहिती अधिकाराची कक्षा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांपुरतीच राहिली. सरकारी पैसा घेत नाही म्हणून लोकांना उत्तर देणं लागत नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. तिकिटाचा, जाहिरातीचा आणि प्रक्षेपणाचा पैसा शेवटी लोकांच्याच खिशातून जातो.

काय करता येईल

हे स्वप्नरंजन आहे असं कुणाला वाटत असेल तर दोन उदाहरणं देतो. अमेरिकन फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ १९२३ पासून भागधारक नागरिकांचा आहे. तो दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करतो आणि त्यामुळे लीगकडून प्रत्येक संघाला राष्ट्रीय उत्पन्नाचा किती वाटा मिळतो हेही साऱ्या देशाला कळतं. त्यानं त्या लीगचं काहीही बिघडलेलं नाही. दुसरं उदाहरण इंग्लंडचं. एप्रिल २०२१ मध्ये बड्या फुटबॉल क्लबांनी स्वतःपुरती युरोपियन सुपर लीग जाहीर केली. चाहते रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांत इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. त्या रागाचं पुढे चौकशीत रूपांतर झालं, चौकशीचं अहवालात, आणि जुलै २०२५ मध्ये कायदा आला. आता तिथे स्वतंत्र नियामक आहे आणि महत्त्वाच्या निर्णयांपूर्वी क्लबांना चाहत्यांशी बोलावं लागतं. राग तर नॅसकारच्या प्रेक्षकालाही आला. त्या रागाला संस्थेचं रूप द्यायचं काम तिथे अजून बाकी आहे.

माझ्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. ज्या क्रीडासंस्थेला तिच्या खेळात पर्याय नाही तिनं दरवर्षी तपासलेला ताळेबंद प्रसिद्ध करावा. तिच्या करारांपैकी शर्यतीत किंवा सामन्यात कोण उतरू शकतो आणि पैसा कसा वाटला जातो हे ठरवणारी कलमं उघड असावीत. भांडण तडजोडीनं मिटलं तरी ती झाकली जाऊ नयेत. आणि तिच्या निर्णय घेणाऱ्या मंडळात प्रेक्षकांनी निवडलेला निदान एक माणूस असावा. तो अल्पमतात राहील, हे मला माहीत आहे. पण ज्या बैठकीत त्याचा कान असेल तिथे कुणाला मूर्ख गावंढळ म्हणताना जीभ जरा अडखळेल.

आज इथे तरुण मंडळी पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी कुणी क्रिकेट पाहतं, कुणी कबड्डी, कुणी पहाटे उठून फॉर्म्युला वन. उद्या तुमच्या आवडत्या लीगमध्ये असंच भांडण लागेल, कारण जिथे एवढा पैसा आहे तिथे ते लागणारच. तेव्हा आवडत्या खेळाडूची बाजू जरूर घ्या. निष्ठेशिवाय खेळ नाही. पण आधी कागद मागा. करार काय म्हणतो, पैसा कुणाकडे जातो, दार कुणासाठी बंद केलं आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर एकटे चिडू नका. संघटना बांधा, स्पर्धा आयोगाकडे जा, आपल्या खासदाराला पत्र लिहा. दिल्लीच्या एका रसिकानं हे करून दाखवलं आहे. खेळावर प्रेम करणाऱ्याला त्या खेळाचा जाब विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरला तरच राहील.